पास्टरची आशा, चिमीची हाडं

डेंटर साक्ष द्यायला उठला की अख्खी मंडळी आधीच रुमाल काढून बसायची.

का नाही बसणार? गाणी झाली, प्रार्थना झाली की रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ यायची. देवाने ज्याच्या आयुष्यात काही केलंय त्याने उठून चारचौघांत सांगायचं, अशी तिथली रीत. बाकीच्यांच्या साक्षी म्हणजे अळणी. कुणाचा खोकला बरा झाला, कुणाची हरवलेली किल्ली सापडली. आणि मग हा गडी उठायचा. रुंद छाती, गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून ठोकून कमावलेले दंड, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बंधूंनो, भगिनींनो, मी या आठवड्यात पुन्हा पडलो. माझ्या बायकोवर हात उचलला. पण प्रभूने मला टाकलं नाही!" झालं! हालेलुयांनी पत्र्याचं छप्पर दणाणायचं. म्हाताऱ्या बायका उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

आणि ती मार खाल्लेली? ती पुढच्या बाकावर बसलेली असायची, ओठ घट्ट मिटून, गालावर निळा डाग घेऊन. तिच्या पाठीवरून कुणी हात फिरवत नव्हतं. नवऱ्याच्या साक्षीला लागणारा सगळा माल हिच्या अंगावरून पुरवला जातोय, हे त्या छपराखाली एकाच्याही टाळक्यात शिरत नव्हतं. लहानपणापासून तिला सगळे चिमी म्हणत. ती पास्टरची एकुलती एक लेक होती.

आता पास्टर म्हणजे कुणी मोठ्या शाळेतून शिकून आलेला माणूस नव्हे. आठवडाभर तो लाकडाच्या वखारीत करवतीवर उभा असायचा. ओंडका खांद्यावर घेतला की दुसऱ्याची मदत मागायचा नाही. वखारीच्या मालकाने मागचं गोदाम वापरायला दिलं, तिथे याने स्वतः बाक ठोकले आणि मंडळी सुरू केली. कानाच्या पाळीत कायम भुसा. बोलायला रांगडा, पण माणसाला सोडायचा नाही. दारुडा असो, चोर असो, "अजून संपलं नाही रे बाबा, देवाला तुझ्याकडून आशा आहे," एवढं एकच वाक्य तो असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला खरं वाटायचं. त्या एका वाक्यावर ती मंडळी उभी होती.

आणि ते वाक्य उभं होतं त्याच्या स्वतःच्या साक्षीवर. वर्षातून एकदा तरी तो ती द्यायचाच. "मी राक्षस होतो. दारू प्यायचो, हिला गुरासारखी मारायचो. हिने सोसलं. तोंडातून शब्द काढला नाही, फक्त प्रार्थना केली. आणि हिच्या सोसण्याने मला जिंकलं!" मग सगळ्यांच्या माना वळायच्या पास्टरीणबाईंकडे. त्या मांडीवरच्या पदराकडे बघत बसायच्या. नव्या सुनांना, मार खाणाऱ्या बायकांना त्यांच्याकडे धाडलं जायचं, सोसणं शिकायला. बाई चहा करून द्यायच्या आणि सोसण्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. लोक म्हणायचे, बघा, किती नम्र!

डेंटर हा पास्टरचा पहिला माणूस. आधी तो सुपारी घेऊन लोकांचे पाय मोडायचा. एकदा लोखंडी गज घेऊन गोदामाच्या काचा फोडायला आला. पास्टरने त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. गडी हिसडे देऊन दमला, मग खाली बसून लहान पोरासारखा रडला. पुढे त्याचा बाप्तिस्मा झाला. आणि मग पास्टरने काय करावं? स्वतःची पोरगी दिली त्याला! चिमीलाही तो आवडला होता, खोटं कशाला बोला. सगळ्यांदेखत रडणारा पुरुष तिने पहिल्यांदाच बघितला होता. असा माणूस आपल्याला काय मारणार, असं वाटलं तिला.

लग्नानंतर काही दिवसांतच ती एका दुपारी माहेरच्या दारात उभी राहिली. ओठ फाटलेला, पुढचा दात हलत होता, उजव्या हाताची दोन बोटं सुजून टम्म झालेली. जेवण द्यायला उशीर झाला म्हणून त्याने तिचा हात जमिनीवर दाबून वर बूट ठेवला होता, आणि माफी माग म्हणत टाच फिरवत राहिला होता. पास्टर नुकताच वखारीतून येऊन हातपाय धूत होता.

"बाबा, मी इथेच राहू?"

कुठल्याही बापाने काय केलं असतं? दार उघडून घेतली असती आत. पण हा पास्टर! त्याने तिची बोटं हातात घेतली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि म्हणाला, "बाळा, मी याच्यापेक्षा वाईट होतो. विचार तुझ्या आईला. देव काम करतोय त्याच्यात. आपणच आशा सोडली तर त्याला कोण आहे?"

आत स्वयंपाकघरात पातेलं दाणकन आपटल्याचा आवाज आला. पास्टरीणबाई बाहेर आल्या नाहीत. पास्टर लेकीला हाताला धरून स्वतः तिच्या घरी सोडून आला. जावयाने दारातच त्याचे पाय धरले आणि हंबरडा फोडला. पास्टरने त्याला उठवून छातीशी धरलं. त्या मिठीकडे बघत चिमी भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या रविवारी काय साक्ष झाली म्हणता! लोक रडून रडून थकले.

असं किती वेळा झालं ते विचारू नका. मारायचं, रडायचं, साक्ष द्यायची. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, घरोघरी मातीच्या चुली. पुरुष म्हणायचे, बघा, गडी कबूल तरी करतो! बाहेरगावच्या पास्टरांना बोलावून त्याची साक्ष ऐकवली जायची. पास्टरच्या आशेचा तो जिताजागता पुरावा होता ना! तो खोटा ठरला असता तर पास्टर कुठल्या तोंडाने दारुड्यांपुढे उभा राहणार होता? हे असं त्याने स्वतःशी कधी म्हटलं नाही. पण खाई त्याला खवखवे. चिमीकडे तो हल्ली सरळ बघत नव्हता.

मग ते गॅरेजातलं प्रकरण झालं. चिमी नवऱ्याचा डबा घेऊन गेली होती. तिथला रंगारी गाडीखालून डोकं काढून म्हणाला, "वहिनी, वास तर लई भारी येतोय." ती हसली. बस्स, एवढंच. डेंटरच्या हातात पत्रा ठोकायचा लाकडी हातोडा होता, तो त्याने जागेवरूनच भिरकावला. चिमीच्या गळ्याखालचं हाड कटकन मोडलेलं रंगाऱ्याला ऐकू आलं. ती खाली बसली, तर याने केस धरून तिला दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ओढलं आणि बरगड्यांत लाथा घालायला लागला. फट अरुंद, त्यामुळे सोडवणाऱ्यांना आत शिरता येईना. शेवटी गॅरेजवाल्याने मागून त्याच्या गळ्यात टायरची ट्यूब अडकवली आणि तिघांनी मिळून ओढलं, तेव्हा कुठे तो बाहेर आला. चिमीच्या तोंडातून रक्त येत होतं. डबा चेपून चपटा झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पास्टरला बाजूला घेतलं. सरळ बाई होती ती, आडपडदा नाही. "हातोडा थोडा वर बसला असता तर आज तुम्ही प्रेत न्यायला आला असता. पुढच्या वेळी बसेलही. हिला त्या घरी पाठवणार आहात का?"

पास्टर बाहेर आला, तर वऱ्हांड्यात जावई गुडघ्यांवर बसून कपाळ फरशीवर आपटत होता. नर्स ओरडत होती, "अहो, उठा, रस्त्यात बसलाय तुम्ही!" पास्टरचे पाय त्याच्याकडे वळले. सवय! त्याने खाली वाकून त्याला उठवलं. मान वर केली तर समोर पास्टरीणबाई चिमीचे रक्ताने भरलेले कपडे हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने हात काढून घेतला.

रविवारी चिमीला उपासनेला आणलं, हात गळ्यात बांधलेला, दोन्ही बाजूंनी बायकांनी धरलेली. उपासना झाली की ती आपल्या घरी, म्हणजे डेंटरच्या घरी जाणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पास्टरने नाही म्हटलं नव्हतं आणि हो म्हटलं नव्हतं.

साक्षीची वेळ आली. डेंटर उठला. रुमाल निघाले.

"बंधूंनो, भगिनींनो, या आठवड्यात मी खूप खोल पडलो. पण जितकं खोल पडावं, तितका प्रभूचा हात लांब—"

"खाली बस."

कोण बोललं ते लोकांना आधी कळेचना. पास्टरीणबाई उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही साक्ष दिली नव्हती.

"मला साक्ष द्यायचीय," त्या म्हणाल्या. "हे दर वर्षी सांगतात, मी सोसलं म्हणून. आणि तुम्ही आपल्या पोरी माझ्याकडे पाठवता. ऐका. मी काही सोसलं बिसलं नाही. एक दिवस हे मला पट्ट्याने मारत होते, चिमी मध्ये आली. एवढीशी होती. यांनी तिला उचलून भिंतीवर फेकली. मी चुलीवरचं उकळतं पातेलं उचललं आणि यांच्या पाठीवर ओतलं. यांच्या पाठीवरचा डाग पूर्वीच्या कारखान्यातल्या वाफेचा आहे असं हे सांगतात ना? वाफ बीफ काही नाही. मी आहे ती वाफ!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"पोरीला काखोटीला मारलं आणि भावाकडे गेले. हे न्यायला आले, रडले, पाया पडले. भावाने दारातून हाकलून दिलं. वर्ष उलटून गेलं. मारायला घरात कुणी नाही, आणि रडून दाखवायलाही कुणी नाही. त्या रिकाम्या घरात हा माणूस गुडघ्यावर आला. दारू सुटली तेव्हाच मी परत आले. मी प्रार्थना केली म्हणता? केली की! रोज करायचे. हा मरू दे म्हणून करायचे!"

पास्टर पुढे उभा होता. त्याला सगळं आठवत होतं. त्याने मुद्दाम खोटं सांगितलं होतं असं नाही. सांगता सांगता गोष्ट गुळगुळीत होत गेली, सोसणारी बायको लोकांना आवडली, आणि हळूहळू त्यालाही तीच खरी वाटायला लागली. त्या गोष्टीच्या जोरावर त्याने स्वतःच्या पोरीला हाताला धरून कसायाच्या घरी नेऊन सोडलं होतं.

"आई, तुम्ही दमलाय," डेंटर म्हणाला. आवाज अजून ओला होता, पण डोळे कोरडे झाले होते. "चिमे, चल घरी." आणि त्याने तिचा दंड धरला. मोडक्या बाजूचा.

चिमी अशी किंचाळली की बाकावरची पोरं रडायला लागली.

"सोड तिला," पास्टर म्हणाला. "ती येणार नाही."

"माझी बायको आहे ती."

"असेल. येणार नाही."

डेंटरने माइकचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला फटका पास्टरने डाव्या हातावर घेतला आणि हात कोपराखाली वाकडा झाला. दुसरा कपाळावर बसला. रक्ताने एक डोळा बंद झाला. तिसऱ्याला तो आत शिरला, उजव्या हाताने जावयाची मान काखेत आवळली आणि दोघं बाकांवर कोसळले. बाक मोडला. बायका दाराकडे पळाल्या. डेंटर त्याच्या मोडक्या हाताला चावत होता, गुडघे मारत होता. पास्टरने त्याला उताणा केला, छातीवर गुडघा ठेवला आणि गळ्यावर अंगठा रोवला. वखारीतला अंगठा तो! डेंटरचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. पाय फरशीवर तडफडायला लागले. आणि खरं सांगायचं तर पास्टरला बरं वाटत होतं. किती वर्षांनी इतकं बरं वाटत होतं! अजून थोडं दाबलं की चिमी कायमची सुटली, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता.

पास्टरीणबाई शेजारी येऊन वाकल्या. "अहो, सोडा. हा मेला तर पोरीला बापाला भेटायला तुरुंगात जावं लागेल. तेवढं एकच भोगायचं राहिलंय तिला."

अंगठा ढिला झाला. गुडघा मात्र त्याने काढला नाही. "पोलिसांना फोन करा," तो धापा टाकत म्हणाला.

कुणी हलेना. मंडळीतले जुने शिंपीकाका चाचरत पुढे आले. "पास्टर, भावाने भावाला पोलिसांत द्यायचं नाही. तुमचीच शिकवण आहे. माणूस पश्चात्ताप करतोय..."

"बरोबर आहे काका. या, तुम्ही बसा याच्या छातीवर. मी उठतो."

शिंपीकाका जिथे होते तिथेच राहिले.

"फोन मला द्या," चिमी म्हणाली. तिने चांगल्या हाताने नंबर लावला, आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, गोदामाचा पत्ता, सगळं न अडखळता सांगितलं. पोलीस येईपर्यंत पास्टर त्या छातीवर बसून होता. त्याच्या कपाळाचं रक्त जावयाच्या शर्टावर ठिबकत होतं.

त्यानंतर निम्मी मंडळी सोडून गेली. पास्टरची आशा संपली, ज्याने स्वतःच्या जावयाला आत टाकला तो आम्हाला काय सांगणार, असं म्हणत गेली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण तेच त्यालाही वाटत होतं. हात प्लास्टरमध्ये, करवतीवर उभं राहता येईना, मालकाने फळ्या मोजायला बसवला. रविवारी तो पुढे उभा राहायचा आणि ते एक वाक्य ओठांपर्यंत येऊन परत जायचं. एकदा त्याने बायकोला विचारलं, "तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सुधारला होतात," ती म्हणाली. "सुधारलेल्या माणसाला कशाला टोचायचं, म्हटलं. चुकलंच माझं. पोरीची हाडं मोडेपर्यंत गप्प बसले." आणि ती रडली. तोही रडला. ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

हात बरा झाल्यावर तो तुरुंगात गेला. बायकोला सांगून गेला, चिमीला सांगून गेला. चिमी तेव्हा बापाशी कामापुरतंच बोलत होती. तिने फक्त मान डोलावली.

जाळीपलीकडे डेंटर आला आणि बसायच्या आधीच रडायला लागला. "पास्टर, या वेळी खरं सांगतो. देवाची शपथ. मी पार बदललो. चिमीला एकदा आणा. तिला बघितलं की मी पूर्ण सुधारेन."

"तू सुधार," पास्टर म्हणाला. "मी दर आठवड्याला येईन. तुझ्यासोबत प्रार्थना करेन. सुटलास की काम शोधायला मदत करेन. पण ती येणार नाही. आज नाही, सुटल्यावर नाही, तू देवदूत झालास तरी नाही."

डेंटरचं रडं थांबलं. "मग मी सुधारून उपयोग काय?"

"हे मीही विचारलं होतं. रिकाम्या घरात बसून."

"आणि?"

"उत्तर आलं नाही. तरी दारू ओतून दिली."

डेंटर उठला आणि जाळीवर इतक्या जोरात डोकं आपटलं की शिपाई धावत आला. त्याने पास्टरला आईवरून शिव्या दिल्या, चिमीला शिव्या दिल्या, जाळीतून थुंकला. "सुटलो की तिला मारणार, आणि मग तुला!" शिपायांनी दंड धरून त्याला आत नेलं. पास्टरने गालावरची थुंकी पुसली. आजवर हा माणूस त्याच्यासमोर नुसता रडत आला होता. आज पहिल्यांदा तो आत जसा होता तसा बोलला होता. यातून काही निघेल का? निघेलही. नाहीही निघणार. त्याने दारावरच्या शिपायाला पुढच्या भेटीची वेळ विचारून घेतली.

घरी आला तर दार चिमीने उघडलं.

"काय म्हणाला?"

लपवून काय उपयोग होता? "सुटलो की मारीन म्हणाला."

तिचा हात गळ्याखालच्या हाडाकडे गेला. "आणि तुम्ही परत जाणार?"

"जाणार. मला अजून त्याच्याकडून आशा आहे, चिमे. खोटं कसं बोलू?"

"आणि तो परत तसाच रडला, आणि तुम्हाला परत खरं वाटलं, तर?"

पास्टर उंबऱ्याबाहेरच उभा होता. तिने अजून त्याला वाट दिली नव्हती. "तर मला वाटू दे," तो म्हणाला. "आशा माझी आहे, तिचा भार मी उचलीन. तुझ्या हाडांवर नाही टाकणार आता. मी स्वतः तुला त्याच्याकडे न्यायला आलो तरी तू यायचं नाही. तेव्हा मलासुद्धा दार उघडायचं नाही."

चिमी बाजूला झाली. तो आत आल्यावर तिने दार लावलं, कडी घातली, आणि नीट बसलीय ना ते ओढून बघितलं.